कागद वाळेपर्यंत

कडुबा मिस्त्रीला निवांत बसलेला पाहिलाय, असा माणूस अख्ख्या नगर नाक्यावर शोधून सापडायचा नाही. छत्तीस वर्षं झाली त्याला गाड्यांच्या पोटात हात घालून, त्यातली बावीस स्वतःच्या गॅरेजात. पण गॅरेजातल्या एकुलत्या एक खुर्चीवर कायम गिऱ्हाईक बसलेलं, आणि गिऱ्हाईक नसलं तर मांजर. हा आपला उभा. चहा प्यायचा तर येरझारा घालत, जेवायचं तर एक गुडघा वर ठेवून, म्हणजे हाक आली की उठायला बरं. त्याची बायको मालनबाई सांगते, लग्नात मांडवातून सुद्धा हा माणूस दोनदा उठून वऱ्हाडाच्या जीपचं चाक बघून आला होता. खोटं नसावं.

बरं, नुसती पायाला भिंगरी असती तर चाललं असतं. ह्याच्या डोक्यालाही भिंगरी. गाडी दुरुस्त झाली, गिऱ्हाईक खुशीत निघून गेलं, की ह्याच्या जिवाची घालमेल सुरू. तो नट आवळला होता ना? क्लिप बसली होती ना? तासाभरानं गिऱ्हाइकाला फोन लावायचा आणि विचारायचं, साहेब, गरमीचा काटा कुठंय? लोक हसतात. पण गंगापूर, कन्नड, वाळूज, कुठून कुठून गाड्या येतात त्या ह्याच्याचकडं. मिस्त्री घोर लावून घेणारा असला की मालकाला झोप लागते, हे लोकांना बरोबर कळतं.

आणि एक होता त्याचा कागद. हे त्याला जुन्या मोंढ्याकडच्या उस्तादानं शिकवलं. गाडी दुरुस्त झाली की लगेच द्यायची नाही. रात्रभर उभी करायची आणि इंजिनाखाली जुनं वर्तमानपत्र अंथरायचं. सकाळी कागद ओढून वाचायचा. काळा डाग इंजिन ऑइलचा, लालसर डाग स्टिअरिंगच्या तेलाचा, हिरवा डाग इंजिन थंड ठेवणाऱ्या कूलंटचा. आणि बिनरंगी ओल असली तर ते एसीचं पाणी, ते सोडून द्यायचं. उस्ताद म्हणायचा, "गाडी झूट नइं बोलती मियाँ, सुननेवालाच जल्दी में रहता." कडुबानं बावीस वर्षांत एकही गाडी कागद वाचल्याशिवाय सोडली नाही. कडुबा मिस्त्री पेपर खालून वाचतो, अशी नाक्यावर चेष्टा चालायची, आणि ती त्याला मनातून आवडायची.

तर गेल्या मे महिन्यातली गोष्ट. राजकुमार नावाचा एक मास्तर गाडी घेऊन आला. कन्नडच्या अलीकडच्या एका गावात त्याचं घर. त्याच्या आईचं, द्वारकाबाईचं, शहरातल्या एका दवाखान्यात बायपासचं ऑपरेशन झालं होतं, अकरावा दिवस होता आणि दुसऱ्या दिवशी तिला घरी न्यायचं होतं. दोन आठवडे गाव-दवाखाना करून करून गाडीचा काटा चढायला लागला होता. दोन दिवसांआड रेडिएटरच्या पाण्याची बाटली रिकामी व्हायची. तालुक्याच्या एका मिस्त्रीनं त्याला सांगितलं होतं की पाणी टाकत राहा आणि पळवत राहा. असल्या सल्ल्याला अक्कल लागत नाही, बादली असली की झालं.

राजकुमार खुर्चीवर बसलाच नाही, मांजर तसंच राहिलं. डॉक्टरांनी बजावलं होतं की बाईंना ऊन लागता कामा नये, धक्के बसता कामा नयेत, एसी लावून सरळ घरी न्या. त्यानं हात जोडून एवढंच म्हटलं, "मामा, काय बी करा, पण माय रस्त्यात उन्हात अडकली नाय पायजे."

झालं. कडुबाच्या डोक्यात हे वाक्य जे शिरलं ते शिरलंच.

त्यानं गाडी उघडली. रेडिएटरचा खालचा रबरी पाइप क्लिपेखाली चिरला होता, बोट फिरवलं की चीर लागायची. झाकणाचं रबरही कडक होऊन बसलं होतं, त्यामुळं आतला दाब धरत नव्हता. दोन्ही नवं बसवलं. पाणी भरलं, अर्धा तास इंजिन चालू ठेवलं. पंखा वेळेवर लागला, वेळेवर थांबला. मग एसी पूर्ण सोडून गोलवाडीपर्यंत चक्कर मारून आणली. काटा निम्म्याच्या वर एक केस हलला नाही. चोर सापडला, असं कडुबाला वाटलं. एक चोर सापडला की दुसरा घरात नाहीच असं आपण धरून चालतो, आणि इथंच घोडं पेंड खातं.

आता त्याची आणखी एक रीत सांगायला हवी, कारण सगळं रामायण तिच्यापायी घडलं. रेडिएटरच्या दुरुस्तीनंतर तो लगेच कूलंट भरत नसे. आधी साध्या पाण्यावर रात्र काढायची, सकाळी कागद बघायचा, मग पाणी सोडून देऊन कूलंट. ह्या शहरात नळाला पाणी कधी आठवड्यानं, कधी दहा दिवसांनी. ते प्यायला पुरत नाही, तर गाडीला कुठून घालणार? गॅरेजच्या पिपात असायचं बोअरचं पाणी, तोंडात धरवत नाही इतकं जड. चाचणीपुरतं चालतं, असं कडुबा म्हणायचा. म्हणजे त्या रात्री रेडिएटरमध्ये जे होतं त्याला रंगच नव्हता.

सकाळी सातला राजकुमार दारात हजर. डॉक्टरांनी सांगितलं होतं, कागदपत्रं लवकर उरका आणि उन्हाच्या आत निघा. कडुबानं गाडीखालचा कागद ओढला. डाव्या बाजूला तळहाताएवढी ओल. रंग नाही. त्यानं नाकाशी धरलं, वास नाही. बोटांत चोळलं, चिकट नाही. एसीची नळी त्याच बाजूला खाली उतरते, आणि संध्याकाळी एसी भरपूर चालवला होता. एसीचं पाणी, सोडून द्या. एक क्षण त्याच्या मनात काहीतरी टोचलं, पण राजकुमार घड्याळ बघत होता. पाणी सोडून कूलंट भरून, आतली हवा काढून, तास गेला असता. कडुबा म्हणाला, आधी मायला घरी पोचवा, कूलंटचं परवा बघू. आणि किल्ली देताना त्यानं आपलं नेहमीचं कीर्तन लावलं: काटा निम्म्याच्या वर गेला की एसी बंद, हीटर चालू, गाडी बाजूला, आणि झाकणाला हात लावायचा नाही. राजकुमारनं मान हलवली आणि तो गेला. कागद बाकड्यावर पडून राहिला.

साडेबाराला मालनबाई डबा घेऊन आली. ती रोजच्यासारखी अंथरायला बाकड्यावरचा कागद उचलायला गेली आणि थांबली. म्हणाली, ह्याच्यावर मीठ कुणी सांडलं? कडुबा एका ब्रेकच्या मागं लागला होता, त्यानं मान वर न करता सांगितलं की गॅरेजात मीठ कुठून येणार. मालनबाईनं कागदावर नख ओढलं. पांढरी पूड नखात आली.

"मीठ नाय हे," ती म्हणाली. "आपल्या पेल्यांना धरतंय तेच हे. बोअरचं पाणी वाळलं की असंच कडं उरतंय. बावीस वर्षं लिंबू घासतीय मी त्याला."

कडुबा उठला. कागद सकाळी ओला होता, आता वाळून खडखडीत झाला होता, आणि सकाळच्या ओलीच्या कडेनं एक पांढरं रिंगण उमटलं होतं, अगदी पेल्याच्या बुडासारखं. एसीचं पाणी हवेतून येतं. ते वाळलं की मागं काही ठेवत नाही. हे पाणी जमिनीच्या पोटातलं होतं, रेडिएटरमधलं.

पुढचं त्याला पुस्तक उघडल्यासारखं दिसलं. इंजिनाच्या खाली प्लॅस्टिकचं संरक्षण असतं. वरून गळालेलं पाणी त्यात साठतं आणि मागं वाहत जाऊन भलत्याच ठिकाणी टपकतं, म्हणून एसीच्या नळीशी ओल. आणि गळतंय कुठून, तर पाण्याच्या पंपातून. आतलं सील म्हातारं झालं की इंजिन गरम असताना ते कसंबसं तग धरतं, थंड झालं की खालच्या बारीक छिद्रातून पाझरतं. एके दिवशी लांबच्या पल्ल्यावर पुरतं जातं. ते प्लॅस्टिक काढून बघायला दहा मिनिटं लागली असती. कडुबाच्या तोंडचं पाणी पळालं.

त्यानं फोन लावला. वाजून वाजून बंद झाला. पुन्हा लावला. तिसऱ्यांदा, चौथ्यांदा. दवाखान्याचे कागद उरकून राजकुमार अकरा-साडेअकराला निघाला असेल तर तासाभराची वाट कापून झाली असणार. बाहेर बेचाळीस डिग्री. आणि मग त्याला आपलंच कीर्तन आठवलं: हीटर चालू करा. हीटर इंजिनाची धग आत ओढून घेतो, इंजिन वाचवायला ते बरोबरच, पण अकरा दिवसांपूर्वी छाती उघडलेली म्हातारी आत बसलेली असताना मेच्या उन्हात हीटर! हे आपण सांगितलं, आपल्या तोंडानं. त्याला स्वतःच्याच तोंडात एक ठेवून द्यावीशी वाटली.

त्यानं मोटरसायकल बाहेर काढली, डिकीत हत्यारं कोंबली, वाळलेला कागद घडी करून खिशात घातला. मालनबाई पाण्याचे दोन कॅन घेऊन मागं बसायला आली. तो नको म्हणाला. ती म्हणाली, एकटे गेलात तर स्वतःशीच भांडत जाल आणि ट्रकखाली याल. डबा तिथंच राहिला.

दौलताबादचा फाटा मागं पडला. गरम वारा तोंडावर येत होता. रस्त्याकडेला उभ्या दिसेल त्या प्रत्येक गाडीशी तो वेग कमी करून नंबर बघायचा. मोठी विचित्र पंचाईत होती बघा: गाडी नीट चालत असेल तर ती त्याला सापडणारच नव्हती, आणि सापडली तर त्याचा अर्थ वाईट. माणूस इतक्या जिवाच्या आकांतानं शोधतोय आणि मनात म्हणतोय, सापडू नको बाई. कसाबखेड्याशी एक पांढरी गाडी बॉनेट उघडून उभी दिसली आणि त्यानं इतक्या जोरात ब्रेक दाबला की मालनबाईचं नाक त्याच्या पाठीवर आपटलं. ती गाडी भलत्याचीच होती, बॅटरी उतरली होती. त्या माणसानं मदत मागितली. आयुष्यात पहिल्यांदा कडुबा बंद पडलेली गाडी सोडून पुढं गेला, आणि पुढचे चार किलोमीटर त्याचंही वाईट वाटून घेत राहिला.

गल्ले बोरगावला त्यानं पुन्हा फोन लावला. वाजला, उचलला नाही. मालनबाईनं मागून विचारलं, सापडले तर काय सांगणार? त्यानं फोन खिशात घालून गिअर टाकला.

हतनूरच्या अलीकडं, लिंबाखाली एक रसवंती होती. आणि तिच्यापुढं ती गाडी. बॉनेट उघडं, आतून वाफ. राजकुमार हातात ओला रुमाल गुंडाळून रेडिएटरच्या झाकणाकडं वाकला होता.

"हात लावू नको!" कडुबा चालत्या गाडीवरून ओरडला.

राजकुमार दचकून मागं सरला. ते झाकण तेव्हा उघडलं असतं तर उकळतं पाणी त्याच्या तोंडावर आलं असतं. कडुबाला मात्र त्याच्याकडं बघायला सवड नव्हती, तो म्हातारीला शोधत होता. द्वारकाबाई रसवंतीच्या सावलीत बाकावर बसली होती. समोर पंखा, छातीशी दवाखान्यातली लहानशी उशी दोन्ही हातांनी धरलेली, खोकला आला तर टाके दुखू नयेत म्हणून. चेहरा दमलेला होता, पण डोळे टवटवीत. मालनबाई तिच्याजवळ जाऊन बसली आणि पदर ओला करून तिच्या तळव्यांना लावू लागली.

झालं होतं असं की काटा वर गेलेला राजकुमारला दिसलाच नव्हता, म्हातारीला दिसला. अकरा दिवस खाटेशेजारच्या यंत्राच्या रेघा बघून तिला काट्यांवर नजर ठेवायची सवय लागली होती. तिनंच गाडी थांबवायला लावली, आणि रसवंती बघून थांबवायला लावली. हीटर लावायची वेळच आली नाही. दवाखान्यातून निघायलाच साडेबारा झाले होते, आणि फोन रिपोर्टांच्या पिशवीत तळाला गेला होता. रसवंतीवाल्याच्या फोनवरून बोलावल्यावर राजकुमारचा चुलतभाऊ कन्नडहून दुसरी गाडी घेऊन निघाला होता, अर्ध्या तासात पोचणार होता.

कडुबाच्या छातीवरचा दगड उतरला. पण उतरला तो पायावर पडला. कारण राजकुमार त्याचे दोन्ही हात धरून बोलायला लागला होता. म्हणाला, फोन उचलला नाही तर एवढ्या उन्हात मामा धावून आले, असा माणूस ह्या काळात बघायला मिळत नाही. चूक माझीच, म्हणाला, एसी पूर्ण सोडला होता, गाडी तापली. रसवंतीवाल्यालाही त्यानं सांगितलं की हे आमचे मिस्त्री. रसवंतीवाल्यानं न मागता दोन ग्लास रस आणून ठेवला. कडुबानं ग्लास हातात घेतला, खाली ठेवला, परत घेतला. काही न बोलता चाललं असतं. नवा पाइप, ऊन, जुनी गाडी, शंभर कारणं होती, आणि मास्तरनं तर आयतं कारण पुढं केलं होतं. मालनबाई त्याच्याकडं बघत नव्हती, आणि ती मुद्दाम बघत नव्हती हे त्याला कळत होतं.

त्यानं खिशातला कागद काढला आणि उलगडला. सांगितलं, सकाळी ही ओल मी पाहिली होती. मला ती एसीची वाटली. ती पंपाची होती. खालचं प्लॅस्टिक काढून बघायला पाहिजे होतं, मी बघितलं नाही. गाडी तुमच्या चुकीनं नाही तापली, माझ्या चुकीनं तापली.

राजकुमारचं हसू मावळलं. त्या पांढऱ्या कड्याकडं बोट दाखवून तो म्हणाला की तुम्ही बघून, हाताळून, वर माझ्या मायला ह्या गाडीत बसू दिलं. कडुबा हो म्हणाला. दुसरं काय म्हणणार? राजकुमारचा आवाज चढला. मी तुमच्यापुढं हात जोडले होते, एकच गोष्ट मागितली होती, असं तो बोलू लागला, आणि त्यातला एकही शब्द खोटा नव्हता.

"राजू, थांब," द्वारकाबाई म्हणाली. तिला जोरात बोलवत नव्हतं, म्हणून सगळे आपोआप गप्प झाले. तिनं कागद मागून घेतला, उशीवर ठेवला, बोटानं ते कडं चाचपलं.

"मला बी दोनदा उघडलं, बाबा," ती कडुबाला म्हणाली. "पयल्यांदा शिवलं, आन आत रगत पाझरत ऱ्हायलं. मी सांगत व्हते, आत वलं-वलं लागतंय. तर म्हणले, आजी, एवढं असतंच. दुसऱ्या दिशी परत उघडलं, तवा घावलं. पण चुकलं म्हणून खाटंपाशी कुणी आलं नाय. तू आलास."

राजकुमार तोंड फिरवून रस्त्याकडं बघायला लागला. हे दुसऱ्यांदा उघडणं त्याला माहीत होतं. मायला आत ओल लागत होती, हे तो आज पहिल्यांदा ऐकत होता. मालनबाईनं म्हातारीच्या पाठीवर हात ठेवला. कडुबाच्या डोळ्यांत पाणी आलं, आणि ते लपवायला तो जाऊन इंजिनात डोकावला.

चुलतभाऊ आला, द्वारकाबाई दुसऱ्या गाडीनं चारच्या आत घरी पोचली. पंप बदलून पुन्हा कागद अंथरतो आणि ह्या खेपेला वाळेपर्यंत बघतो, असं कडुबानं तिला सांगितलं, तेव्हा जाताना तिनं त्याचा नंबर राजकुमारकडून आपल्या फोनमध्ये घालून घेतला. बंद गाडी टेम्पोत घालून गॅरेजात आली. वेळेवर थांबवल्यामुळं इंजिन वाचलं होतं. कडुबानं ते प्लॅस्टिक काढलं, तर पंपाच्या छिद्राखाली क्षाराची पांढरी रेघ, बोटभर लांब, आंधळ्यालाही हाताला लागावी अशी. मग पंप बदलला, बोअरचंच पाणी भरलं, एसी लावून गाडी फिरवून आणली आणि रात्री कागद अंथरला.

पण त्याला चैन कुठलं! बावीस वर्षं आपण कागद ओलाच वाचला, हे त्याला आता टोचायला लागलं. ह्या उन्हाळ्यात एसीचं पाणी म्हणून किती ओली सोडून दिल्या, ते तो बोटांवर मोजत बसला, चार निघाल्या. सकाळी त्यानं चारही जणांना फोन लावले आणि सांगितलं, गाडी घेऊन या, माझा कागद वाचायचा राहिलाय. तिघांना वाटलं मिस्त्रीचं डोकं उन्हानं फिरलं. चौथा गंगापूरचा, तो म्हणाला, बरं झालं फोन केला, परवापासून काटा चढतोय.

राजकुमारची गाडी बाजूला घेऊन त्यानं कागद ओढला. डावीकडं तळहाताएवढी ओल होती. रंग नाही, वास नाही, चिकट नाही. एसीची असेल, नसेलही. कडुबानं तो कागद दारात उन्हाला ठेवला, वर चार नट ठेवले, आणि खुर्चीतलं मांजर उचलून खाली सोडलं.

फोन वाजला तेव्हा तो खुर्चीत बसलेला होता. पलीकडं द्वारकाबाई. तब्येतीचं काही नाही, इकडचं तिकडचं काही नाही.

"वाळला का रं कागद?" तिनं विचारलं.

कडुबा पुढं वाकून बघत म्हणाला, "कडा वाळल्या मावशी, कोऱ्या हायत. मधी अजून वल हाय."

"मंग मी थांबते," म्हातारी म्हणाली, आणि तिनं फोन ठेवला नाही.